घोड्याची तपासणी आणि विकणाऱ्याची हजेरी

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या सुमारास, नंदुरबार जिल्ह्यातील शहादे तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तेथील घोड्यांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेतही जनावरांची मोठी खरेदी-विक्री होते. वरातीचा घोडा बाळगणारे, माथेरानसारख्या ठिकाणी प्रवाशांसाठी घोडी ठेवणारे, बिऱ्हाड वाहण्यासाठी तट्टू घेणारे मेंढपाळ आणि हौसेने घोडा पाळणारे शेतकरी अशी नाना प्रकारची गिऱ्हाइके बाजारात येतात. कोणी रंग पाहतो, कोणी चाल पाहतो, कोणी देवमण व इतर भोवरे शोधतो. पुढे रुमालाखाली बोटांनी भाव ठरतो आणि इसार हातावर पडतो.

अलीकडे काही खरेदीदार इसार देण्यापूर्वी घोडा पशुवैद्यकाकडून तपासून घेतात. ही चाल चांगली आहे व ती वाढावयास हवी. परंतु पशुवैद्यक घोड्याजवळ येऊन उभा राहिला की विकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उभा राहतो: आपण येथे थांबावे की दूर जावे? कित्येक विक्रेते रागावून निघून जातात. “माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर खुशाल तपासा,” असे म्हणून ते घोडा पोराच्या हाती देतात. याउलट काही विक्रेते पशुवैद्यकाच्या कानाशीच लागतात आणि त्याने खुराला हात लावताच “तो दगड लागला होता, आता काही नाही” असे सांगू लागतात. या दोन्ही रीती चुकीच्या आहेत व दोहोंतही विकणाऱ्याचे नुकसान आहे. तपासणीच्या वेळी विकणाऱ्याने हजर राहावे. मात्र ती हजेरी कशासाठी आहे आणि तिची मर्यादा कोठे आहे, हे त्याने आधी समजून घ्यावे.

तपासणी कोणासाठी असते?

खरेदीपूर्व तपासणीत पशुवैद्यक हा खरेदीदाराचा सल्लागार असतो. त्याची फी खरेदीदार देतो आणि त्याचा अहवालही खरेदीदारालाच मिळतो. ‘हा घोडा चांगला की वाईट’ असा निवाडा देणे हे त्याचे काम नव्हे. खरेदीदाराला ज्या कामासाठी घोडा हवा आहे त्या कामाला तो आज योग्य दिसतो काय, आणि ज्यांमुळे पुढे अडचण येईल अशी कोणती लक्षणे आज आढळतात, एवढेच तो सांगतो. वरातीत शांतपणे चालणाऱ्या घोड्यात जो दोष चालून जाईल, तोच दोष शर्यतीच्या किंवा डोंगरचढणीच्या घोड्यात चालणार नाही. म्हणून पशुवैद्यकाने एखादी उणीव टिपली तर त्यात विकणाऱ्याचा अपमान नसतो.

यातूनच एक नियम निघतो. ज्या पशुवैद्यकाकडे विकणाऱ्याच्या जनावरांचे उपचार नेहमी होतात, त्यानेच ही तपासणी करणे शक्यतो टाळावे. जवळपास दुसरा पशुवैद्यक नसेल तर त्याने हा संबंध खरेदीदाराला आधी सांगावा आणि घोड्याच्या पूर्वीच्या दुखण्यांची माहिती देण्यास विकणाऱ्याची संमती घ्यावी. एका माणसाने दोन्ही बाजूंचे सल्लागार होणे कोणाच्याच हिताचे नसते.

तपासणीत काय पाहतात?

ब्रिटनमध्ये ही तपासणी पाच टप्प्यांत करण्याची रीत रूढ आहे आणि इतर देशांतील पशुवैद्यकांनाही ती परिचित आहे. बाजारात प्रत्येक टप्पा पुरता होईलच असे नाही, पण क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पहिल्या टप्प्यात घोडा उभा असताना त्याचे डोळे, दात, कातडी, पाय, खूर, हृदय व फुप्फुसे तपासतात. विश्रांतीत असलेल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारणपणे २८ ते ४४ असते. दातांवरून वयाचा अंदाज करतात. समोरचे मधले कायमचे दात सुमारे अडीच वर्षांनी, त्यांच्या शेजारचे साडेतीन वर्षांनी व कडेचे साडेचार वर्षांनी येतात. त्यानंतर मात्र वय जितके वाढते, तितका हा अंदाज कमी भरवशाचा होतो.

दुसऱ्या टप्प्यात घोडा कठीण व सपाट जमिनीवर आधी चालवून व नंतर दुडक्या चालीने पळवून पाहतात. काही पशुवैद्यक पायाचा सांधा सुमारे एक मिनिट वाकवून धरतात व लगेच घोडा पळवतात, म्हणजे सांध्यातील लपलेले दुखणे उघड होते. तिसऱ्या टप्प्यात घोड्याला दम लागेपर्यंत व्यायाम देऊन हृदयाची गती आणि श्वासाचा आवाज ऐकतात. चौथ्या टप्प्यात त्याला विश्रांती देऊन गती पूर्ववत कशी होते ते पाहतात. पाचव्या टप्प्यात तो पुन्हा पळवून पाहतात, कारण श्रमाने आलेला लंगडेपणा विश्रांतीनंतर अधिक स्पष्ट होतो. शेवटी वेदनाशामक किंवा गुंगीचे औषध दिलेले नाही ना, हे पुढे तपासता यावे म्हणून रक्ताचा नमुना काढून ठेवतात.

विकणाऱ्याने हजर का राहावे?

पहिले कारण सुरक्षिततेचे आहे. परक्या गर्दीत, परक्या माणसाच्या हाती घोडा बिथरतो. ज्याने रोज खरारा केला व चंदीचा तोबरा बांधला, त्याच्या आवाजाने तो शांत राहतो. मागचा पाय उचलताना लाथ मारण्याची सवय असेल तर ती पशुवैद्यकाला आधी सांगणे हे मालकाचे कर्तव्य आहे. अजाण पोराच्या हाती घोडा देऊन निघून जाणे म्हणजे त्या पोराला व पशुवैद्यकालाही संकटात लोटणे होय.

दुसरे कारण संमतीचे आहे. सौदा पुरा होईपर्यंत घोडा विकणाऱ्याचाच असतो. रक्त काढणे, नाल काढून खूर पाहणे, क्ष-किरण चित्रासाठी गुंगीचे औषध देणे किंवा घोडा दमवणे या गोष्टी मालकाच्या परवानगीवाचून करता येत नाहीत. मालक जाग्यावर नसेल तर तपासणी अर्धवट राहते, आणि अर्धवट तपासणीवर कोणी पुरा भाव देत नाही.

तिसरे कारण ओळखीचे आहे. ज्या घोड्याची तपासणी झाली, तोच घोडा पुढे खरेदीदाराच्या दारी गेला, हे निर्विवाद राहिले पाहिजे. रंग, कपाळावरील टिळा, पायांची पांढरी मोजी, भोवरे, डाग व कातडीखालील सूक्ष्मपट्टी असल्यास तिचा क्रमांक या खुणा दोघांच्या देखत लिहिल्या गेल्या, म्हणजे पुढे “घोडा बदलला” असा आरोप होऊ शकत नाही.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. पशुवैद्यक घोडा पाहतो तो तासभर. मालकाने तो पाहिलेला असतो वर्षानुवर्षे. गेल्या पावसाळ्यात घोड्याला पोटशूळ झाला होता काय, दावणीचे लाकूड दातांत धरून हवा गिळण्याची खोड आहे काय, तो एका जागी उभा राहून डुलत राहतो काय, खुरांना आतून सूज आली होती काय, या गोष्टी त्या तासाभरात दिसतीलच असे नाही. त्या मालकालाच ठाऊक असतात. म्हणून तपासणीत मालकाची हजेरी ही साक्षीदाराची हजेरी आहे.

हजेरीने बिघाड कसा होतो?

विकणाऱ्याने हजर राहू नये असे म्हणणारेही आहेत व त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. मालक खेटून उभा असला म्हणजे खरेदीदार मोकळेपणाने प्रश्न विचारीत नाही. पशुवैद्यकाचे लक्ष विचलित होते. शिवाय घोडा धरणाऱ्याच्या हातात दोष लपवण्याची पुष्कळ शक्ती असते.

याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. पुढच्या पायाने लंगडणारा घोडा दुडक्या चालीत दुखरा पाय जमिनीवर टेकताना मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना ती खाली झुकवतो. लंगडेपणा ओळखण्याची ही मुख्य खूण आहे. आता धरणाऱ्याने दोरी तोंडाजवळ आखडून धरली तर मान हलतच नाही व खूण दिसत नाही. विकणारा हे मुद्दाम करतो असे नव्हे. घोडा उधळू नये म्हणूनही तो दोरी आखडतो. पण परिणाम एकच होतो. म्हणून घोडा पळवताना दोरी हातभर सैल सोडावी आणि आपण घोड्याच्या खांद्याला खांदा लावून धावावे.

त्याचप्रमाणे तपासणीपूर्वी घोडा फिरवून ‘मोकळा’ करून ठेवण्याची चाल सोडावी. काही सांध्यांची दुखणी सकाळी उभ्या घोड्यात दिसतात व थोडे फिरवल्यावर झाकली जातात. घोडा रात्रभर ठाणावर असावा आणि तेथून तो पशुवैद्यकाच्या समोरच बाहेर काढावा. व्यायाम द्यावयाचा असल्याने नुकतीच भरपूर चंदी चारलेली नसावी. नाल ढिली नसावी. पण नालबंदाकडून त्याच सकाळी नवी नाल ठोकून आणू नये, कारण खिळा जिव्हाळी लागला तर चांगला घोडाही लंगडतो. घोड्याला कोणतेही औषध चालू असेल तर ते सांगावे. वेदनाशामक देऊन उभा केलेला घोडा काही दिवसांनी लंगडू लागतोच, आणि रक्ताचा नमुना ठेवलेला असेल तर कारणही उघड होते.

मौन केव्हा बोलते?

“विचारले नाही म्हणून सांगितले नाही” हे उत्तर बाजारात नेहमी ऐकू येते. कायद्याने याचा विचार फार पूर्वी केला आहे आणि त्यासाठी घोड्याचेच उदाहरण घेतले आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १७ मध्ये कपट म्हणजे काय ते सांगितले आहे. केवळ मौन पाळणे हे सामान्यतः कपट ठरत नाही. एखाद्याने सदोष घोडा लिलावात विकला व दोष ठाऊक असूनही तो काही बोलला नाही, तर तेवढ्याने कपट होत नाही, असे तेथील पहिले उदाहरण आहे. पण विकत घेणारी ही नुकतीच सज्ञान झालेली त्याची मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तिसरे उदाहरण तर प्रत्येक विक्रेत्याने पाठ करावे असे आहे. “तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,” असे घेणारा म्हणाला आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच मानले जाते.

दुसऱ्या बाजूने माल विक्री अधिनियम, १९३० खरेदीदारालाही सावध करतो. मालाच्या गुणाविषयी सर्वसाधारणपणे घेणाऱ्यानेच दक्ष राहावे असे त्याचे कलम १६ सांगते. त्याला काही अपवाद आहेत. म्हणजे घेणाऱ्याने तपासावे आणि विकणाऱ्याने विचारलेल्याचे खरे उत्तर द्यावे, अशी वाटणी आहे. तपासणी ही या दोघांच्या भेटीची जागा आहे.

समजा, एका शेतकऱ्याची सहा वर्षांची घोडी विक्रीस आहे. रंगाने कुमैत, चालीने उत्तम. गेल्या दोन वर्षांत तिचा उजवा डोळा दोनदा सुजून पाण्याने भरला व औषधाने बरा झाला. आज डोळा स्वच्छ आहे. डोळ्याच्या आतील हा दाह काही घोड्यांत पुनःपुन्हा उलटतो व शेवटी दृष्टी जाऊ शकते. बरा असताना त्याची बारीक खूण राहते तशी ती राहतही नाही. पशुवैद्यक डोळा पाहून पुढे सरकतो. इतक्यात खरेदीदार सहज म्हणतो, “आप्पा, डोळ्यांची काही तक्रार असेल तर आताच सांगा. तुम्ही काही बोलला नाहीत तर डोळे चांगलेच आहेत असे मी समजतो.”

येथे शेतकऱ्यापुढे मोठा पेच आहे. सांगावे तर भाव उतरेल; मुलीच्या लग्नासाठी वा विहिरीसाठी धरलेला पैसा कमी पडेल. न सांगावे तर आजचा दिवस निभावेल. परंतु घोडी आंधळी झाली की खरेदीदार पूर्वीच्या उपचारांचा शोध घेईल, दवाखान्याच्या नोंदवहीत तारखा सापडतील आणि त्या वेळचे मौन कपट ठरेल. करार रद्द होऊ शकेल, नुकसानभरपाई मागितली जाईल, आणि पुढच्या यात्रेत त्याच्या ठाणावर कोणी फिरकणार नाही. याउलट त्याने “भाऊ, उजवा डोळा दोनदा आला होता, दवाखान्यातून औषध घेतले होते,” एवढे सांगितले, तर पशुवैद्यक डोळा पुन्हा नीट पाहील. भाव काही उतरेल. कदाचित हा खरेदीदार परतही जाईल. पण जो सौदा होईल तो कायम राहील, आणि दोष सांगून विकल्याची नोंद विकणाऱ्याचेच रक्षण करील. आणखीही एक गोष्ट आहे: त्या घोडीवर उद्या एखादे मूल बसावयाचे असते, आणि न दिसणाऱ्या डोळ्याच्या बाजूने घोडी बिचकली तर पडणारे तेच असते.

मर्यादा कोठे?

हजर राहणे म्हणजे मध्ये बोलणे नव्हे. विकणाऱ्याने घोड्याच्या दुखण्यांची, औषधांची, लसींची व खोडींची माहिती तपासणीपूर्वीच एका कागदावर लिहून अथवा लिहवून द्यावी व खाली सही करावी. नंतर विचारल्यावाचून बोलू नये. पशुवैद्यक व खरेदीदार आपसांत बोलू लागले म्हणजे दहा पावले दूर जाऊन उभे राहावे. “काय निघाले, डॉक्टरसाहेब?” असे पशुवैद्यकाला विचारू नये, कारण अहवाल खरेदीदाराचा असतो. विचारावयाचे ते खरेदीदारालाच विचारावे आणि त्याने न सांगितल्यास रुसू नये. एका पशुवैद्यकाने टिपलेली उणीव मान्य नसेल तर आपल्या खर्चाने दुसऱ्याकडून घोडा तपासून घेण्यास विकणारा मोकळा आहे.

मालकाला स्वतः येणे अशक्य असेल तर घोड्याची रोज निगा राखणाऱ्या मोतद्दारास पाठवावे. त्याच्याजवळ वरील कागद द्यावा आणि कोणत्या तपासण्यांना परवानगी आहे हेही त्यात लिहावे. दलालाला मात्र आपल्या जागी उभे करू नये. दलालाचे लक्ष दलालीवर असते. घोड्याचा पूर्ववृत्तांत त्याला ठाऊक नसतो आणि त्याने दिलेल्या वचनाचा वाद अखेर मालकाच्या दारी येतो.

रोगाच्या बाबतीत गुप्तता नाही

अहवाल खरेदीदाराचा, या नियमाला एक अपवाद आहे. ग्लँडर्स हा घोडे, गाढवे व खेचरे यांना होणारा सांसर्गिक रोग माणसांनाही होतो. नाकातून चिकट स्राव येणे, कातडीवर गाठी येऊन फुटणे ही त्याची लक्षणे होत. परंतु काही जनावरांत लक्षणे स्पष्ट नसतानाही रोग असतो. त्यावर लस नाही, आणि रोग निश्चित झालेले जनावर नष्ट करावे लागते. महाराष्ट्रात २००६ साली हा रोग पुन्हा आढळला होता. याचे निदान डोळ्यांनी होत नाही; रक्तजल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावे लागते. हरियाणातील हिसार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, तेथे या कामाचे तज्ज्ञ आहेत. तपासणीस वेळ लागत असल्याने यात्रेस निघण्याच्या पुष्कळ आधी स्थानिक पशुवैद्यकीय दवाखान्यात नमुना द्यावा आणि दाखला बरोबर बाळगावा.

प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत हा रोग आहे. अशा रोगाचा संशय आल्यास जनावराच्या मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवणे बंधनकारक आहे. येथे विकणारा व घेणारा असा भेद उरत नाही. संशयित घोडा घाईने दुसऱ्याच्या गळ्यात मारणारा मालक गावोगावच्या ठाणांत रोग पोहोचवतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

बाजारास निघणाऱ्या घोडेवाल्याला कार्यकर्त्याने चार गोष्टींत साह्य करावे. पहिली, दुखण्यांचा व लसींचा कागद लिहून देणे. ज्याला लिहिता येत नाही त्याला तो वाचून दाखवून मगच त्याची सही वा अंगठा घेणे. दुसरी, रोगतपासणीचा नमुना वेळेत दवाखान्यात पोहोचेल असे पाहणे. तिसरी, विक्रीची पावती कशी असावी ते समजावणे: तारीख, दोघांची नावे, घोड्याच्या खुणा, किंमत, सांगितलेले दोष आणि दिलेली हमी ही सर्व तीत असावी. चौथी, तपासणी म्हणजे अविश्वास नव्हे, हे पटवणे. धान्य मापताना घेणारा मापाकडे पाहतो, म्हणून कोणी रागावत नाही. घोडा तपासताना घेणाऱ्याने पशुवैद्यक आणला तर त्यातही रागावण्याचे कारण नाही.

ज्याचा घोडा चांगला आहे त्याला तपासणीपासून भय नाही, आणि ज्याच्या घोड्यात दोष आहे त्यालाही तो सांगून विकण्यापासून भय नाही. भय असते ते लपवण्यात. म्हणून विकणाऱ्याने तपासणीच्या दिवशी यावे, दोरी सैल धरावी, विचारलेल्याचे खरे उत्तर द्यावे आणि मग दहा पावले मागे सरून पशुवैद्यकाला त्याचे काम करू द्यावे.